हात लावून बघू : स्कूटरचं विसरलेलं तेल

मैत्रिणींनो, नळाच्या वायसरवर लिहिलं तेव्हा कितीतरी जणींनी कळवलं, की स्वतःच्या हातानं बदलला आणि नळ गळायचा थांबला. त्यातल्याच एका पत्राच्या शेवटी एक ओळ होती : ‘आता स्कूटरचंही काही सांगा, रोज उठून तिच्यावरच तर संसार चाललाय.’ खरंच की! भाजी, दळण, मुलांच्या शिकवण्या, सासूबाईंचा दवाखाना, बँक, सगळं त्या एका स्कूटरवर. आणि तिच्याबद्दल आपल्याला ठाऊक काय, तर पेट्रोल कुठून घालायचं नि बटण कुठलं दाबायचं! मीही त्यातलीच होते. म्हणून आधी माझी फजिती सांगते.

मार्च महिना. लेकीची दहावीची परीक्षा. आमच्या स्कूटरच्या मागच्या चाकातून दिवाळीपासूनच एक बारीक आवाज यायचा. लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तसा, घूं घूं. ह्यांना म्हटलं, तर ‘रस्ताच खडबडीत आहे’ म्हणाले. सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथल्या मुलालाही सांगितलं. गाडी धुऊन, पुसून, चकचकीत होऊन परत आली, आवाज मात्र तसाच. आपण बायका कसं करतो ना, चार माणसांनी ‘काही नाही हो’ म्हटलं की आपल्याच कानावर अविश्वास दाखवतो.

गणिताच्या पेपरच्या दिवशी लेकीला मागे बसवून निघाले. घरापासून दीड किलोमीटरवर घूं घूंचा खरखराट झाला, गाडी जड झाली आणि कुणीतरी मागून ओढतंय असं वाटायला लागलं. बाजूला घेतली. चाक हातानं ढकलून फिरेना. मुलीचा चेहरा पांढराफटक. स्कूटर एका दुकानासमोर सोडून, रिक्षाला अक्षरशः आडवी जाऊन, तिला केंद्रावर पोचवलं, तेव्हा घंटा व्हायला दहा मिनिटं होती. पेपर बरा गेला, पण त्या दहा मिनिटांची आठवण झाली की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

दुपारी गाडी पेठेतल्या एका वयस्क मेकॅनिककडे ढकलत नेली. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मामांनी मागच्या चाकाजवळचा एक बोल्ट उघडला, खाली वाटी धरली. वाटीत पडलं ते दोन-तीन चमचे राखाडी, दाट काहीतरी. उजेडात धरलं, तर त्यात चमकी! लोखंडाचा कीस.

‘ताई, ह्यातलं तेल कधी बदललंय?’

‘दोनदा,’ मी ठसक्यात म्हटलं. बिलं जपून ठेवायची माझी सवय. पर्समधून काढून दाखवली. दोन्हींवर लिहिलेलं होतं, ‘गिअर ऑइल’, पुढे रक्कम.

मामा हसले. म्हणाले, ‘बिलावर बदललंय, गाडीत नाही. हा वायसर कारखान्यातनं आला तसा चिकटून बसलाय बघा.’

आत एक सील गळत होतं. होतं ते तेल हळूहळू झिरपून गेलं, उरलं ते दळून दळून राखाडी झालं, आणि बेअरिंगं खलास. भांडायला गेले सर्व्हिसिंगवाल्यांकडे. ‘मॅडम, तेव्हाचा मुलगा सोडून गेला’ हे उत्तर मिळालं. त्या दिवसापासून हे तेल मी स्वतः बदलते. खोटं वाटेल, पण निम्मं काम आवराआवरीचंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमची स्कूटर तर बिनगिअरची, तिला गिअर ऑइल कशाला? इथेच तर गोम आहे.

जुनी चेतक आठवते? डाव्या मुठीत क्लच आणि मूठच फिरवून गिअर टाकायचे. साडी नेसून, मागे मूल, पुढे पिशवी, आणि ती मूठ फिरवायची म्हणजे कसरतच. मग १९८४ साली कायनेटिक होंडा आली, बटणानं चालू होणारी आणि गिअर न टाकता पळणारी. तिनं आणि पुढे २००१ साली आलेल्या अ‍ॅक्टिव्हानं गावोगावच्या बायकांना रस्त्यावर आणलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ‘बिनगिअरची’ हे आपलं बोलणं. गिअर टाकायचे नाहीत एवढंच, आत यंत्रणा आहेच.

डाव्या बाजूला जो लांबट डबा दिसतो ना, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत, त्यात दोन कप्प्या आणि एक रबरी पट्टा असतो, गिरणीच्या पट्ट्यासारखा. पुढच्या कप्पीत लहान गोल गुंड्या असतात. वेग वाढला की त्या बाहेर फेकल्या जातात, कप्पीच्या दोन बशा जवळ ढकलतात, आणि पट्टा वर चढतो. मागच्या कप्पीत उलट, बशा फाकतात नि पट्टा खाली उतरतो. गिअर बदलण्याचं काम हे असं आपोआप होतं. हा डबा मात्र कोरडाच हवा बरं का! तिथे तेलाचा थेंब गेला तर पट्टा घसरतो. कुणी ‘पट्ट्याला जरा ऑइल मारतो’ म्हणालं तर हात धरा.

ह्या पट्ट्याच्या पलीकडे, मागच्या चाकाला खेटून, दुसरी एक लहानशी पेटी असते. तिच्यात दातेरी चाकं. पट्ट्याकडून आलेली गरगर कमी करून ती मागच्या चाकाला ताकद देतात. आपलं विसरलेलं तेल राहतं ते ह्या पेटीत. केवढं? जेमतेम एक कप चहा. बहुतेक स्कूटरींना शंभर ते दीडशे मिलिलिटरच्या आत-बाहेर लागतं, नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आणि मुख्य गोष्ट, ह्या पेटीला गाळणी नाही. चहा गाळला नाही तर चोथा कपात राहतो, तसा दाते झिजून निघालेला कीस त्याच तेलात फिरत राहतो आणि पुन्हा दात्यांनाच घासतो. तो बाहेर काढायला तेल बदलण्यावाचून दुसरा उपाय नाही. तेल वेळेवर बदललं नाही तर काय होतं ते माझ्या परीक्षेच्या दिवशी तुम्ही पाहिलंच.

साहित्य थोडकं. एक चांगला रिंग पाना. पुष्कळ स्कूटरींना बारा नंबरचा चालतो, पण आपल्या बोल्टला लावून बघूनच विकत घ्या, सैल पाना बोल्टचे कोपरे खातो. निचऱ्याच्या बोल्टाचा नवा वायसर. जुना पसरट डबा किंवा फुटक्या कानाची परात. औषधाच्या दुकानात मिळते ती पन्नास मिलीची मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसेल अशी वीतभर रबरी नळी. जुन्या धोतराची फडकी. रद्दी. (परात आणि सिरिंज ह्या कामाला लागल्या की कायमच्या ह्याच कामाला. आमच्या सासूबाईंनी परातीवर लाल रंगाची फुलीच मारून ठेवली आहे.)

आणि अर्थात तेल. ते ‘द्या कुठलंही’ म्हणून घ्यायचं नाही. काही स्कूटरींच्या ह्या पेटीत इंजिनाचंच तेल चालतं, काहींना दाट असं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल लागतं. पुस्तिकेत बघा, चिठ्ठीवर लिहून न्या. इंजिनाचं तेल घेत असाल तर डब्यावर ‘एमबी’ ही अक्षरं शोधा. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो म्हणून तिला ‘एमए’ लागतं. आपल्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला ‘एमबी’.

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर हे काम काढा. पाच-दहा मिनिटं गाडी चालवून आणा, म्हणजे तेल कोमट होऊन नीट वाहतं आणि तळाचा कीसही बरोबर घेऊन येतं. सपाट फरशीवर डबल स्टँड लावा. किल्ली काढून कमरेला. ओढणी काढून ठेवा, पदर खोचा, बांगड्या वर सरकवा. सायलेन्सर तापलेला असेल, पोरांना लांब ठेवा.

डाव्या बाजूनं खाली वाकून बघा. मागच्या चाकाच्या आसाजवळ, त्या छोट्या पेटीला दोन बोल्ट दिसतील. एक वर, एक खाली. वरचा भरायचा, खालचा निचऱ्याचा. आधी वरचा सोडवा. हे उलट करू नका. का ते सांगते. समजा, खालचा काढून तेल सांडून टाकलंत आणि वरचा गंजून बसलाय, निघतच नाही; तर आता भरणार कुठून? गाडी दारात कोरडी उभी, आणि मेकॅनिककडे चालवत न्यायचीही सोय नाही.

वरचा सैल झाला की खाली परात सरकवा आणि खालचा काढा. इथे मी पहिल्यांदा काय केलं ऐका. भलताच बोल्ट उघडला! इंजिनाचा निचऱ्याचा बोल्ट इंजिनाच्या पोटाखाली, पाय ठेवायच्या जागेच्या मागे असतो. मला वाटलं, हाच तो. काळंभोर तेल येतच राहिलं, येतच राहिलं, परात भरून अंगणात ओघळ गेला. सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, ‘दिवाळीच्या चकल्या तळायच्यात का एवढ्या तेलात?’ तेव्हा लक्षात ठेवा, कपभर येऊन थांबलं तर बरोबर, अर्धा लिटर आलं तर ते इंजिनाचं. हसू नका, ही चूक शिकलेली माणसंही करतात, आणि पुढची चूक ह्याहून वाईट असते. गिअरची पेटी रिकामी केलेली असते आणि ‘इंजिनाचं काढलं’ असं समजून इंजिनात वरून दुप्पट तेल ओततात. दोन्हींचा सत्यानाश. म्हणून पुस्तिकेतलं चित्र शेजारी उघडून ठेवा आणि दोन्ही बोल्ट ओळखूनच पाना लावा.

तेल थेंब थेंब व्हायला लागलं की मागचं चाक हातानं सावकाश दोन-चार वेळा फिरवा, उरलंसुरलं बाहेर येतं. हातानंच हं! इंजिन चालू करून मुळीच नाही. बोटं आरे आणि ब्रेकच्या दांड्यापासून दूर ठेवा.

आता घाईनं पुढे जाऊ नका. परातीतलं तेल बघा. मला तर वाटतं, तेल स्वतः बदलण्याचा खरा फायदा हा बघण्यातच आहे. नुसतं काळपट असेल तर ठीक, वय झालंय. बोटावर घेऊन चोळलं आणि बारीक राखाडी छटा दिसली तरी घाबरू नका, थोडी झीज व्हायचीच. पण चमचमते कण किंवा नखात रुतेल असा तुकडा मिळाला, तर बेअरिंग किंवा दाते बोलायला लागलेत, मेकॅनिकला दाखवा. फारच कमी तेल आलं, तर ते गेलं कुठे हे शोधा. आणि दुधाच्या चहासारखं, फेसाळ, तपकिरी आलं, तर आत पाणी शिरलंय.

हे पाण्याचं जरा सविस्तर सांगायला हवं. ह्या पेटीला श्वास घ्यायला एक बारीक वाट ठेवलेली असते. पावसात नुसती भिजली तर काही होत नाही, पण चाक बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी नेली किंवा पाण्यात उभी राहिली, की त्या वाटेनं पाणी आत जाऊ शकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला पूर आला तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीची स्कूटर चार दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर तिच्या दिरांनी गाडी धुतली, इंजिनाचं तेल बदललं, प्लग साफ केला, गाडी चालूही झाली. सगळे खूश. गिअरच्या तेलाची आठवण कुणालाच नाही. तीन महिन्यांनी मागचं चाक ओरडायला लागलं. उघडलं, तर आत चहा! बुडालेली गाडी चालू करून बघण्याचा मोह आवरा. आधी दोन्ही तेलं काढा. आणि चहासारखं तेल निघालं, तर नवं भरून थोडे दिवस गाडी फिरवून ते पुन्हा एकदा काढून टाका, कारण एका पाण्यानं भांडं निघत नाही तसंच हे आहे.

बरं, आता भरायचं. खालचा बोल्ट पुसा, नवा वायसर घाला, आधी बोटानं फिरवून आटे नीट बसलेत ना ते बघा आणि मगच पाना लावा. पेटी अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट लोखंडाचा. ‘गळायला नको’ म्हणून अंगातली सगळी ताकद लावलीत तर आटे सुटतील आणि खर्च तिप्पट होईल. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतो तेवढा ठामपणा पुरे, शेवटी एक छोटासा हिसका. पाना टोकाला न धरता मधे धरला की जोर आपोआप बेतात राहतो.

मग सिरिंजमध्ये तेल ओढा, नळी वरच्या भोकात घाला आणि पुस्तिकेतल्या मापानं सावकाश भरा. बऱ्याच गाड्यांत तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलं की माप झालं असं समजतात. ‘थोडं जास्त असलं तर काय बिघडलं’ हा आपला तुपाचा हिशेब इथे लावू नका. जास्त झालेलं तेल दाबानं सील शोधतं. आणि सील जिथे संपतं तिथे मागच्या चाकाचा ब्रेक असतो. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं की ब्रेक लागत नाही. हे तेल गळण्यातला सगळ्यात मोठा धोका तो आहे. मागचा ब्रेक एकाएकी सुळसुळीत झाला आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर काळं दिसलं, तर ती गाडी एक पाऊलही चालवू नका.

वरचा बोल्ट लावा, पुसून घ्या, गल्लीतून एक फेरी मारा, आणि रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा. सकाळी कागद कोरडा असला की जिंकलात.

त्याच रविवारी गाळणीकडेही एक नजर टाकता येईल. वर म्हटलं, पेटीला गाळणी नाही; पण काही स्कूटरींच्या पट्ट्याच्या डब्याला थंड हवा घेण्यासाठी फोमचा तुकडा असतो. तो धुळीनं बुजला की पट्टा तापतो. तो साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळगा न घालता दाबून, सावलीत पूर्ण वाळवून बसवायचा. इंजिनाच्या हवेची गाळणी वेगळी. ती कागदाची नि तेलकट हाताला लागणारी असेल, तर झटकू नका, धुऊ नका, हवा मारू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरला सरळ नवी घाला.

एका वाचक भगिनीनं विचारलंय, ‘आमची मोटार ऑटोमॅटिक आहे, तिचं तेल आणि फिल्टर घरी बदलता येईल का?’ ताई, मोटारीचं काम दुसऱ्या जातीचं आहे. तिथलं तेल नुसतं वंगण नसतं, त्याच्या दाबावर गिअर बदलतात. ते कित्येक लिटर लागतं, फिल्टर पुष्कळदा खालच्या तेलाच्या परातीआड असतो, आणि पातळी विशिष्ट तापमानालाच मोजायची असते. त्यासाठी गाडीखाली शिरावं लागतं, आणि जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कुणीही, कधीही शिरू नये. त्यातही २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेला ‘एएमटी’ प्रकार म्हणजे साधीच गिअरपेटी, फक्त गिअर टाकणारा हात यंत्राचा. तिचं तेल वेगळं, पट्ट्याच्या ‘सीव्हीटी’चं वेगळं, आणि अदलाबदल मुळीच चालत नाही. तेव्हा काम गॅरेजमध्येच करा, पण तेलाचं पूर्ण नाव बिलावर लिहून मागा आणि ‘जुनं काढलेलं मला दाखवा’ असं आधीच सांगून ठेवा. जळका वास आला तर विचारा.

स्कूटर नवी असेल, वॉरंटीत असेल, तर तिचंही तेल सध्या सर्व्हिसिंगवाल्यांनाच बदलू द्या. फक्त शेजारी स्टूल टाकून बसा. ‘मॅडम, तुम्ही आत ए.सी.त बसा’ असा आग्रह होईल. बसू नका.

काढलेलं जळकं तेल मोरीत, गटारात, झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. वाळवीसाठी फळ्यांना फासायला म्हणून कुणी मागून नेतं, तेही नको. कातडीला ते वाईट. रिकाम्या डब्यात भरून, बूच लावून, गॅरेजवर नेऊन द्या, त्यांच्याकडचं जुनं तेल उचलणारे येतात. हात आधी कोरड्या फडक्यानं पुसून, मग थोडं गोडं तेल चोळून, मग साबणानं. एकदम साबण लावलात तर काळं नखात जाऊन बसतं आणि दोन दिवस कणीक मळताना आठवण देतं.

माझ्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर आता तारीख, किलोमीटर आणि तेलाचा रंग अशी तीन खाती आहेत. परवा ह्यांनी ती बघितली आणि काही न बोलता स्वतःच्या मोटरसायकलचा आकडा खाली लिहून ठेवला.